ठाणे-नवी मुंबईच्या दुकानांत मिळणारे बाहेरचे हेडलाइट: कुठला घ्यावा, कुठला अजिबात नको

वाशी-तुर्भ्यापासून वागळे इस्टेटपर्यंत कार ॲक्सेसरीच्या कुठल्याही दुकानात ‘रात्री उजेड कमी पडतो’ एवढं म्हटलं की काउंटरवर साधारण चार गोष्टी मांडल्या जातात: जास्त वॅटचा हॅलोजन बल्ब, एलईडी बल्बची जोडी, एचआयडी (तारेऐवजी वायूच्या नळीतून उजेड देणारं) किट आणि जरा जास्त खर्चाची तयारी दिसली तर प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा दिवा. दुकानासमोरच्या भिंतीवर चारही लखलखीत दिसतात. घोडबंदरच्या रस्त्यावर, समोरून ट्रकची रांग येत असताना आणि पाऊस पडत असताना त्यातलं कुठलं कामाचं, हा वेगळा प्रश्न आहे. कायद्यात काय बसतं हा त्याहून वेगळा.

निकाल आधी सांगून टाकू. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टर (मागच्या चकचकीत आरशावरून उजेड पुढे फेकणाऱ्या) हेडलाइटमध्ये एलईडी किंवा एचआयडी घालू नये. १००/९० वॅटचा बल्ब घेऊ नये. प्रोजेक्टर हवाच असेल तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटची कंपनीची असेंब्ली, म्हणजे पूर्ण हेडलाइट, पाहावी. हेडलाइट फोडून आत बसवलेला प्रोजेक्टर नको. आणि यांपैकी कशावरही पैसे घालण्याआधी मूळ हेडलाइटचा हरवलेला उजेड परत मिळवावा. जुन्या गाड्यांत तो उजेड बराच असतो, आणि तो मिळवण्याचा खर्च महागड्या एलईडी जोडीपेक्षा कमी येतो.

बल्ब आणि रिफ्लेक्टर एकच वस्तू आहे

बल्ब म्हणजे निव्वळ उजेडाचा उगम आणि हेडलाइट म्हणजे त्याची पेटी, असं धरून दुकानात सौदा होतो. तिथेच गफलत आहे. एच४ (लो आणि हाय बीम एकातच असलेल्या) हॅलोजन बल्बच्या लो बीमची, म्हणजे खाली वळवलेल्या झोताची, तार जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब असते आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. हाय बीमची तार वाटीबाहेर असल्यामुळे अप्पर मारला की पूर्ण रिफ्लेक्टर वापरात येतो. रिफ्लेक्टरचा एकेक कप्पा, एकेक वळण त्या तारेची जागा, लांबी आणि जाडी धरून आखलेलं असतं. उगम एका मिलिमीटरने पुढेमागे झाला तरी लो बीमची वरची कड, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातली रेघ, फाटते आणि तो उजेड समोरच्याच्या काचेवर जातो.

एच४ मध्ये लो बीम ५५ वॅट आणि हाय बीम ६० वॅट असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोटार बल्बच्या नियमावलीत १३.२ व्होल्टला त्यांचा उजेड अनुक्रमे १००० आणि १६५० लुमेन (उजेडाचं माप) धरला आहे. अवघ्या हजार लुमेनमध्ये मूळ हेडलाइट ६०-७० मीटरपर्यंत रस्ता दाखवतो, कारण तो उजेड जिथे हवा तिथेच जातो. खोक्यावरचा लुमेनचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं.

एलईडी बल्बची जोडी

सध्या सर्वांत जास्त खपणारी आणि सर्वांत जास्त त्रास देणारी वस्तू हीच. किंमत साधारण दीड हजारापासून आठ हजारांपर्यंत, बसवायला अर्धा तास, ‘प्लग अँड प्ले’.

पहिली गोष्ट वॅटची. खोक्यावर १०० वॅट, २०० वॅट, वीस हजार लुमेन असे आकडे छापलेले असतात. एका बल्बचे २०० वॅट खरे असते तर १३.५ व्होल्टवर तो जवळजवळ १५ अँपिअर ओढेल आणि हेडलाइटचा १० अँपिअरचा फ्यूज उडेल. तो उडत नाही, यातच उत्तर आलं. दुकानात क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारं यंत्र) असेल तर एका बाजूच्या पॉझिटिव्ह वायरवर लावून पाहायला सांगावं. दोन-अडीच अँपिअरच्या आसपास, म्हणजे तीसेक वॅट दिसले की खरी ताकद कळते. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. चिप तापली की ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) करंट कमी करतो, आणि स्वस्त जोडीत ही घट बरीच असते. दुकानदार उजेड दाखवतो तो पहिल्या मिनिटातला.

दुसरी गोष्ट आकाराची. हॅलोजनची तार सगळ्या बाजूंना सारखा उजेड फेकते. एलईडी बल्बमध्ये पातळ पट्टीच्या दोन बाजूंना चिपा असतात, त्यामुळे उजेड दोन बाजूंना भरपूर आणि पट्टीच्या कडांकडे कमी. पट्टीला जाडी असल्यामुळे दोन बाजूंच्या चिपा तारेच्या नेमक्या जागी येत नाहीत. दोघींमध्ये फट राहते. रिफ्लेक्टरच्या काही कप्प्यांना जास्त उजेड मिळतो, काहींना जवळजवळ काहीच नाही. परिणाम ठरलेला आहे: गाडीच्या पुढचे १०-१५ मीटर पांढरे फटफटीत, दूरचा मधला झोत फिका, आणि वरच्या कडेबाहेर सांडलेला उजेड. जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा खड्डा, लांबचा पादचारी उलट कमी दिसतो. चालवणाऱ्याला मात्र उजेड वाढल्यासारखं वाटतं, म्हणून तक्रार होत नाही.

बसवताना काय चुकतं तेही पाहू. एच४ एलईडीची कॉलर वेगळी निघते. ती आधी हेडलाइटमध्ये बसवून मग बल्ब फिरवून लॉक करायचा असतो. चिपा तीन आणि नऊच्या काट्यावर, म्हणजे बरोबर डावी-उजवीकडे तोंड करून आल्या पाहिजेत. पाच-दहा अंश तिरक्या राहिल्या तरी कड बिघडते. मागे पंखा किंवा जाड हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग) असल्यामुळे धुळीचं रबर बूट किंवा झाकण बसत नाही. मग झाकणाला भोक पाडतात, नाहीतर ते काढूनच ठेवतात. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत जो पाऊस असतो त्यात ही उघडी पाठ म्हणजे आत ओल, काचेवर वाफ आणि काही महिन्यांत रिफ्लेक्टरच्या चकाकीवर काळे डाग. हॅलोजन पुढच्या बाजूला उष्णता फेकून काच आतून कोरडी ठेवतो. एलईडीची उष्णता मागे जाते, त्यामुळे काचेवर बसलेली वाफ लवकर हटत नाही.

नव्या गाड्यांत हेडलाइट थेट स्विचवर नसून बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकावर) चालतो. बल्ब कमी करंट ओढतोय हे पाहून ते ‘बल्ब गेला’ असा इशारा देतं, किंवा लाइट लुकलुकतो. त्यावर दुकानात रेझिस्टर लावतात. ६ ओहमचा रेझिस्टर १३.५ व्होल्टवर ३० वॅट निव्वळ उष्णता बनवतो. तो प्लास्टिक टायने वायरिंगला बांधलेला दिसला तर लगेच काढून घ्यावा. हात लावून पाहू नये, भाजेल. शिवाय ड्रायव्हरच्या विजेच्या खरखरीमुळे एफएम रेडिओ बिघडल्याची तक्रारही याच जोडीची.

‘साहेब, ई-मार्क आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. वर्तुळातलं इंग्रजी ई आणि शेजारी आकडा हा खरोखरच युरोपीय मान्यतेचा शिक्का आहे, पण मान्यता कशाची ते पुढच्या आकड्यांवर ठरतं. शिक्क्यापुढे ‘१०आर’ असेल तर ती मान्यता विजेच्या खरखरीपुरती आहे. बीमच्या आकाराशी तिचा संबंध नाही. बदली एलईडीला उजेडासाठी मान्यता देण्याची पद्धत जर्मनीत २०२० पासून आहे. तिथे ठरावीक बल्ब, ठरावीक गाडी आणि त्या गाडीचा ठरावीक हेडलाइट अशी यादी असते; यादीबाहेर तोच बल्ब तिथेही बेकायदा. ती यादी दाखवून इथे कुणी विकत असेल तर तिचा इथल्या रस्त्यावर काही उपयोग नाही.

मूळ हेडलाइटच हॅलोजन प्रोजेक्टर असेल, म्हणजे आत गोल भिंग असेल, तर एलईडी घातल्यावर कड तुलनेने शाबूत राहते, कारण ती आतला पडदा कापतो. समोरच्याला त्रास कमी. पण दूरचा झोत तिथेही बहुतेक वेळा घटतो, आणि कायद्याचा प्रश्न तसाच राहतो.

पिवळा की पांढरा, हा वादही इथेच मिटवू. ‘पिवळा उजेड पाऊस भेदतो’ असं सांगून ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) जोड्या विकल्या जातात. धुक्याचा थेंबसुद्धा उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे पिवळा आणि पांढरा दोन्ही त्यावर जवळजवळ सारखेच विखुरतात. निळसर पांढऱ्या उजेडाने डोळ्याला चुरचुर जास्त होते हे मात्र खरं, म्हणून ६००० केल्विनपेक्षा हॅलोजनचा ३२०० च्या आसपासचा उजेड पावसात सुसह्य वाटतो. रंग बदलून बीमचा बिघडलेला आकार सुधारत नाही.

१००/९० वॅटचा हॅलोजन

दिसायला मूळ बल्बसारखाच, किंमत कमी, आणि जुन्या गाडीवाल्यांचा आवडता. ६० वॅटचे दोन हाय बीम १२ व्होल्टला १० अँपिअर घेतात. १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच तांब्यात पावणेतीन पटीहून जास्त. प्रथम कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) पिवळा पडतो, मग तपकिरी, मग पिना सैल होतात, सैल पिनांवर आणखी उष्णता. पुढे स्विचचे पॉइंट जळतात. फ्यूज उडायला लागला की १५ चा काढून २५ चा घालणारे आहेत, आणि इथून गाडीला आग लागण्याची शक्यता खरी होते. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो.

रिले वायरिंग (स्विच फक्त इशारा देतो, करंट थेट बॅटरीतून येतो) आणि सिरॅमिक होल्डर लावून वायरिंगचा प्रश्न सुटतो, हे बरोबर. पण बल्बची उष्णता पॉलिकार्बोनेटच्या काचेवर आणि रिफ्लेक्टरच्या मुलाम्यावर पडतेच. मुलामा फुगला, काळवंडला की असेंब्ली बदलावी लागते. आणि ज्या वॅटवर हेडलाइटला मान्यता मिळाली ती मोडल्यामुळे हा बल्ब रस्त्यावर वापरण्याजोगा राहत नाही.

एचआयडी

एलईडीने याला बाजूला सारलं आहे, तरी किट अजून मिळतं. ३५ वॅटचा बॅलास्ट (नळीला वीज पुरवणारा डबा), पेटवताना वीस हजार व्होल्टच्या पुढचा झटका, आणि डी२एस प्रकारच्या नळीतून सुमारे ३२०० लुमेन. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये लो बीमच्या तिप्पट उजेड सोडला की काय होतं ते सायन-पनवेल हायवेवर समोरून येणारा प्रत्येक जण सांगेल. युरोपीय नियमांत २००० लुमेनच्या वरच्या लो बीमला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला तो याचसाठी. बाहेरच्या किटमध्ये दोन्ही नसतात. घेऊ नये. लावलेलं असेल आणि बॅलास्टला पाणी लागलं असेल तर स्वतः हात घालू नये, बॅटरीचं टर्मिनल काढूनच काम करून घ्यावं.

प्रोजेक्टरचं काम

चौघांत बीमचा आकार सर्वांत चांगला देऊ शकणारी गोष्ट हीच, आणि कारागिरीवर सर्वांत जास्त अवलंबून असणारीही. खर्च साधारण बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. काम असं होतं: हेडलाइट काढायचा, कडेचा ब्युटिल डिंक ८०-९० अंशांवर मऊ करायचा, काच उघडायची, रिफ्लेक्टर कापून किंवा भोक वाढवून भिंग बसवायचं, पुन्हा डिंक भरून बंद करायचं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. ओव्हनचं तापमान आवरलं नाही तर काचेची कड वाकते. जुनाच डिंक पुन्हा दाबला तर पहिल्या पावसात पाणी. आणि तिसरं, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं: भिंग कुठल्या देशासाठी बनलंय. आपण डावीकडून चालतो, म्हणून चालकाच्या जागेवरून पाहताना भिंतीवरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे १५ अंशांनी वर चढलेली हवी. डावीकडचा फुटपाथ, पाट्या, सायकलवाला दिसावा म्हणून ही चढण असते. ऑनलाइन मागवलेली बरीच भिंगं उजवीकडून चालणाऱ्या देशांची असतात. त्यांची चढण उजवीकडे, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. कितीही खाली केलं तरी हा दोष जात नाही.

तयार असेंब्ली घेताना हीच खूण काचेवर सापडते. हेडलाइटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे दाखवणारा बाण असेल तर ती डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हींसाठी. बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांसाठी, आणि ती घ्यायची नाही. तिथेच ‘एचसीआर’ किंवा ‘एचसी’ आणि ‘एचआर’ अशी अक्षरं असतात. एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे लो बीम, आर म्हणजे हाय बीम. सुरुवातीला एचऐवजी डी असेल तर तो हेडलाइट एचआयडीसाठी बनलेला आहे. ही अक्षरं वाचता आली की दुकानदाराशी अर्धा वाद वाचतो.

वरच्या व्हेरिअंटची कंपनीची असेंब्ली महाग पडते, पण ती त्याच मॉडेलसाठी तपासलेली असते. कपलर जुळतो का, उंचीच्या मोटरची वायर मूळ हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात) आहे का आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलला कोडिंग लागतं का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन आधी विचारून घ्यावं. पार्ट नंबर लिहिलेलं बिल जपून ठेवावं.

कायदा काय म्हणतो

गाडी ठाण्याची एमएच ०४ असो, वाशीची एमएच ४३ की पनवेलची एमएच ४६, नियम केंद्राचेच आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ‘आरसीवर हेडलाइट कुठे लिहिलाय?’ हा दुकानातला आवडता युक्तिवाद याच वाक्यावर उभा असतो. तो अपुरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या चौथ्या उपकलमात सुटे भाग नंतर बसवण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे: कायद्यात किंवा त्याखालच्या नियमांत परवानगी नसलेल्या पद्धतीने मालकाने बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे आरसीवर काय लिहिलंय हा मुद्दाच येत नाही.

आणि नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ उजेड खाली वळवण्याबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवू शकेल असा दिवा वापरता येत नाही. हा नियम घरी करून बघण्याजोगा आहे. सोसायटीच्या सपाट वाटेवर ८ मीटर मोजा, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला उभे राहा. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाचे डोळे साधारण दीड मीटरवरच असतात. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला तर ही जागा त्याच्या आडव्या रेषेपेक्षा जवळजवळ पावणेसहा अंश वर येते. नीट सेट केलेल्या मूळ लो बीमचा तिथे अगदी किरकोळ उजेड पोचतो. माणूस हेडलाइटकडे पाहू शकतो. रिफ्लेक्टरमधल्या एलईडीचा सांडलेला उजेड नेमका तिथे जातो. मान वळवावीशी वाटली तर पुढच्या चर्चेची गरज नाही.

या नियमाच्या भंगासाठी साधं चलान कलम १७७ खाली झालं तर पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत. म्हणून ‘पाचशे भरू’ असं म्हणून लोक लावतात. १८२अ चा रस्ता तिथेच मोकळा आहे हे विसरू नये. छतावरचे आणि बंपरवरचे झोतदिवे वेगळे: नियम १११ नुसार पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. कर्जत-माळशेजला जाणाऱ्या गाड्यांवरच्या लांब एलईडी पट्ट्यांना हे सरळ लागू आहे, मग त्या शहरात बंद ठेवल्या तरी.

टुरिस्ट टॅक्सी आणि टेम्पोवाल्यांनी तर हा विषय अजिबात हलका घेऊ नये. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग असतं, आणि त्यात हेडलाइटचा बीम पाहिला जातो. खासगी गाडीला ही तपासणी पंधरा वर्षांनी येते, म्हणून तोवर कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

विम्याचं थोडक्यात: बाहेरून लावलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत किमतीसह नोंदवलेली नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत. नोंदवण्यासाठी आयएमटी २४ हे कलम असतं आणि जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के. पण नियमात न बसणारी वस्तू नोंदवून ती कायदेशीर होत नाही. वायरिंग कापलेलं असेल आणि आग तिथूनच लागली असेल तर दाव्यावर वाद अटळ आहे. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग तर कुणालाच कापू देऊ नये.

आधी हे करा

मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, लो बीम चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसतील. आता बल्ब जळत असतानाच कपलरच्या मागच्या बाजूने मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. कपलरवर १२.२ व्होल्टच पोचत असतील तर ३५ ते ४० टक्के उजेड वायरिंगमध्येच जातोय. दहा-बारा वर्षांच्या, हेडलाइटचा करंट स्विचमधून जाणाऱ्या गाड्यांत हे नेहमी सापडतं. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही, आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाडीत रिलेच्या नादी लागूच नये.

फरक एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर रिले हार्नेस. दोन रिले, एक लो आणि एक हाय. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज. एका बाजूचा मूळ कपलर फक्त रिलेला इशारा देतो, म्हणजे काहीही कापावं लागत नाही. अर्थिंग गंज खरवडून थेट बॉडीच्या बोल्टवर. रिलेचं तोंड खाली, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं. यावर ६०/५५ वॅटचाच चांगला बल्ब. ‘प्लस’ प्रकारचे बल्ब त्याच वॅटमध्ये दूरचा झोत वाढवतात. त्यांचं आयुष्य कमी असतं, हे मान्य करून घ्यावेत.

काच पिवळी, धुरकट असेल तर बल्ब बदलून काही होत नाही. पाणी लावत ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, आणि शेवटी अतिनील किरण रोखणारं क्लिअर कोट. हे कोट न लावता नुसतं घासून चकचकीत करून देणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या उन्हात ती काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टचंही तेच.

मग सेटिंग. टायरची हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवरची उंचीची चकती शून्यावर. पोडियम पार्किंगमध्ये १० मीटर मिळत नाहीत. ५ मीटर पुरतात. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेप लावा. बहुतेक गाड्यांत बीम १ टक्का खाली ठेवायचा असतो, आकडा हेडलाइटजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. म्हणजे ५ मीटरवर कड टेपच्या ५ सेंटिमीटर खाली. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांमुळे सेटिंगच्या स्क्रूची नायलॉन क्लिप तुटते, मग स्क्रू फिरतो पण बीम हलत नाही. एक बाजू सतत वर राहत असेल तर आधी ती क्लिप बघावी. मागे तीन माणसं आणि सामान असेल तर चकती मॅन्युअलप्रमाणे खाली करावी. गायमुखच्या चढावर आणि मुंब्रा बायपासच्या उतारावर समोरच्याला होणारा अर्धा त्रास एवढ्याने टळतो. पाम बीचवर पथदिव्यांच्या उजेडात अप्पर लागतच नाही.

दुकानांच्या कामाबद्दल

या सेवेतला सर्वांत मोठा दोष असा की बल्ब बसवून देतात, बीम सेट करून देत नाहीत. समोर रिकामी भिंत असूनही टेप लावली जात नाही. बीम सेटर नावाचं भिंगाचं यंत्र असलेलं ठिकाण शोधावं. बरीच अधिकृत सर्व्हिस सेंटर्स ते वापरतात. काम देताना तीन अटी आधीच सांगाव्यात: वायर कापायची नाही, जुने बल्ब आणि रबर बूट परत द्यायचे, आणि जीएसटी बिलावर मेक, मॉडेल व वॅट लिहायचे. बिलावर लिहायला जो तयार नाही त्याच्याकडून ती वस्तू घेऊ नये.

ज्यांनी एलईडी आधीच लावलेत त्यांना मागे फिरणं सोपं आहे. वायरिंग कापलेलं नसेल तर बल्ब फिरवून काढा, रेझिस्टर आणि ड्रायव्हर काढा, कपलर वितळला असेल तर सिरॅमिक होल्डर घाला, मूळ रबर बूट बसवा. फाटलं असेल तर नवीन घ्या, ते सुटं मिळतं. नवा हॅलोजन हातात घेताना त्याच्या काचेला बोट लागू देऊ नये. त्वचेचं तेल क्वार्ट्झवर तापून डाग पडतो आणि तिथूनच बल्ब लवकर जातो. बोट लागलंच तर स्पिरिटने पुसून, सुकवून मग लावा, आणि बल्ब बदलला की कड भिंतीवर पुन्हा तपासा.